मालकी आणि वहिवाट

मूर्तिजापुराहून आग्नेयेस यवतमाळपर्यंत आणि उत्तरेस अचलपूरपर्यंत, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून जी गाडी धावत असे आणि जिला वऱ्हाडातील आबालवृद्ध शकुंतला म्हणून ओळखत, तिचा व माझा संबंध आजोळचा. आम्ही कळमेश्वरचे, आमच्या गावावरून जाणारा लोहमार्ग इटारसीचा, म्हणजे दिल्ली-मद्रासच्या रहदारीचा, आणि त्यावरील मातबर गाड्या आमच्या स्टेशनाकडे ढुंकूनही न पाहता निघून जात. त्यामुळे आगगाडी ही दुरून पाहण्याची वस्तू आहे अशीच माझी बालपणीची समजूत होती. ती दूर केली ती उन्हाळ्याच्या सुटीत दारव्ह्याच्या मामांकडे जाताना भेटणाऱ्या त्या लहान गाडीने. नागपूरला गाडी बदलून मूर्तिजापुरास उतरले, की पलीकडे ती उभीच असे. आणि एकदा निघाली की कारंजा मागे टाकून दारव्हा-मोतीबाग येईपर्यंत गार्ड, टपालाच्या पिशव्या सांभाळणारा माणूस आणि उतारूंच्या घरची विचारपूस करणारा आप्त या तिन्ही भूमिका बहुधा एकाच गृहस्थाकडे असत. उत्तरकाळी मनुष्यबळ आणखी आटल्यावर गाडी थांबवून फाटक लावायचे, ती पुढे नेऊन पुन्हा थांबवायची आणि फाटक उघडायचे, हेही काम गाडीवरच्याच मंडळींकडे आले.

या मार्गाचे मूळ कापसात आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी माजली, तेथील कापूस विलायतेत जाईनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचे मोल एकाएकी वाढले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग 1867 साली नागपुरास पोहोचला. 1870 मध्ये खामगावास आणि 1871 मध्ये अमरावतीस त्याचे फाटे गेले. यवतमाळ व अचलपूर मात्र बैलगाडीवरच राहिली. पुढे मुंबईच्या किलिक-निक्सन या पेढीने 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापून ही उणीव भरून काढली. रूळ कंपनीचे, गाड्या चालविणार जी.आय.पी., आणि उत्पन्नातला ठरीव हिस्सा कंपनीस, असा हा मक्ता होता. तो ज्या मुलखात झाला तो मुलूखही त्या वेळी पट्ट्यानेच दिलेला होता. कारण 1902 च्या करारान्वये निजामाने वऱ्हाड सालीना पंचवीस लाख रुपयांच्या खंडाने इंग्रज सरकारास कायमचे लावून दिले होते. नाव एकाचे, ताबा दुसऱ्याचा आणि घाम तिसऱ्याचा, ही रीत या मातीला नवी नव्हती. जिनिंगमधून निघालेल्या गठाणी मूर्तिजापुरास मोठ्या गाडीत चढत, मुंबईस जात आणि तेथून मँचेस्टरला. आणि त्या ओढून नेण्यासाठी 1921 साली घडविलेले इंजिनही मँचेस्टरहूनच आलेले. सत्तर वर्षे त्याने इमानाने चाकरी केली. 1994 मध्ये त्याच्या जागी डिझेल आले, तेव्हा मामांनी पत्रात ते वर्तमान एखाद्या वडीलधाऱ्याच्या निधनासारखे कळविले होते.

स्वातंत्र्यानंतर 1951 मध्ये मध्य रेल्वे निर्माण झाली. 1954 मध्ये बार्शी लाइट रेल्वे सरकारने विकत घेतली. शकुंतलेचा करारनामा मात्र मुदतवाढीवर मुदतवाढ घेत तसाच राहिला. यावरून अजूनही इंग्रजांना खंडणी जाते, अशी एक कथा लोकांत रूढ झाली. वृत्तपत्रांना ती प्रिय आहे, आणि आम्हीही ती पाहुण्यांना मोठ्या चवीने सांगत असू. परंतु किलिक-निक्सन ही पेढी कधीच हिंदी हातांत आली होती, आणि खरे दुखणे इंग्रजांत नव्हे, कागदात होते. ज्याची मालकी त्याची वहिवाट नाही, आणि ज्याची वहिवाट त्याची मालकी नाही, अशा शेताच्या बांधावर कोणी माती घालीत नाही. कंपनी म्हणे, दुरुस्ती चालविणाऱ्याने करावी. चालविणारा म्हणे, दुसऱ्याच्या मिळकतीवर सरकारी खजिना किती ओतावा? पूल जुने झाले, वेग उतरला, एस.टी.ने उतारू नेले, ट्रकांनी कापूस नेला. गेल्या दशकाच्या मध्यास यवतमाळची आणि पुढे काही वर्षांत अचलपूरची गाडी थांबली. रुंदीकरणाच्या घोषणा तेवढ्या होत राहिल्या.

आमच्या शेजारच्या सावनेरवरून छिंदवाड्यास जाणारी लहान लाइन मी याच काळात पाहिली. बंगाल-नागपूर कंपनीने घातलेली ती लाइन रीतसर सरकारजमा झालेली होती. म्हणून 2015 च्या अखेरीस ती बंद करण्याचा हुकूम निघाला, रूळ उपटले गेले आणि त्या जागी मोठी लाइन आली. सावनेरकरांनी हळहळ केली, गैरसोय सोसली आणि आता ते मोठ्या गाडीतून छिंदवाड्यास जातात. शकुंतलेला मारण्याचा अधिकारदेखील कोणापाशी निर्विवाद नव्हता. सरकारी दप्तराच्या दिरंगाईला नावे ठेवण्यात माझे आयुष्य गेले. पण निदान तेथे कोणाच्या तरी सहीने काहीतरी घडते, हे मला सावनेरने शिकविले.

2024 च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब हा रुंद मार्ग सुरू झाला. तो पुढे यवतमाळवरून नांदेडपर्यंत जावयाचा आहे. म्हणजे यवतमाळला मोठी गाडी येईल, पण दुसऱ्याच दिशेने. दारव्ह्याच्या माझ्या मामेभावास मात्र लहान गाडीच हवी आहे, तीही होती तशी, वारसा म्हणून. मला हे पटत नाही. वारशाची गाडी हिवाळ्यात पाहुण्यांना मिरवील. सोयाबीनचे पोते घेऊन बाजारास निघालेल्या कास्तकाराच्या ती काय कामाची? आधी मालकीचा निवाडा करून घ्या, मग रुळाचे माप ठरवा, असे मी त्याला दर भेटीत सांगतो; आणि तो म्हणतो, "दादा, तुमच्या दारातून साडेपाच फुटी लाइन जाते; तुम्हाला निवाड्याची वाट पाहायला काय जाते?"