ओढेल, पण वाहील का?

अमेरिकेत मी पाहिलेलं सर्वांत प्रेक्षणीय स्थळ म्हणजे आयोवा राज्यातला एक वजनकाटा. असं म्हटलं की भाचा दुखावतो, कारण रॉकी पर्वत दाखवण्यासाठी त्याने आम्हाला शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून हजारेक मैल नेलं होतं. पण माणदेशात वाढलेल्या माणसाला डोंगराचं अप्रूप ते किती असणार! तसा काटा मात्र मी दुसरा पाहिला नाही.

भाच्याने सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर घेतला होता. चाकांवरचं घरच ते: पलंग, शेगडी, फ्रिज, मोरी, संडास, सगळं आत. तो ओढायला पिकअप. ‘अकरा हजार पौंड आरामात ओढेल,’ असं पिकअप विकणाऱ्याने सांगितलेलं, आणि ट्रेलर भरूनसुद्धा साडेसहा हजारांच्या घरातला. भाचा निर्धास्त होता. भाचेसून नव्हती. तिने चालकाचं दार उघडून चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर मला दाखवला. माणसं आणि सामान मिळून या गाडीवर १,५२० पौंडांहून जास्त भार नको, असं त्यावर छापलेलं. म्हणजे जेमतेम ६९० किलो.

मग वही उघडून तिने विचारलं, “मामा, तुमचं वजन किती?”

आमच्याकडे सुना असलं काही विचारत नाहीत. मी सांगितलं. आमच्या हिनेही एक आकडा सांगितला; तो खरा असता तर पुढचा घोळ जरा हलका झाला असता.

ओढणं वेगळं आणि वाहणं वेगळं, हे मला त्या वहीमुळे कळलं. ट्रेलरचं बहुतेक ओझं त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं. पण दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या दांडीवर, म्हणजे पिकअपच्या मागच्या चाकांवर येतो. तोही आमच्यासारखा प्रवासीच. स्टिकरवरच्या ६९० किलोंत त्याला जागा द्यावी लागते. विक्रेता इंजिनाची ताकद सांगतो, कारण तो आकडा मोठा असतो. स्प्रिंगा, आस आणि टायर यांची मर्यादा दाराआड छापलेली राहते, आणि बहुतेकांची तीच आधी संपते.

बरं, दांडीवर भार नकोच म्हणून सगळं सामान ट्रेलरच्या मागच्या अंगाला रचलं तर? बैलगाडीचं जे होतं तेच. ओझं पुढे सरकलं की जू बैलांच्या मानेवर बसतं, मागे सरकलं की गाडी उलाळ होते. फरक इतकाच की ट्रेलर ताशी साठ मैलांवर उलाळ होतो, आणि मग त्याचं शेपूट असं हलायला लागतं की पुढची गाडी त्याच्यामागे फरफटते. म्हणून दहा टक्क्यांच्या खाली जायचं नाही.

मिसिसिपी ओलांडल्यावर थोड्याच वेळात वॉलकॉट लागतं. तिथला ‘आयोवा ८०’ हा ट्रकथांबा स्वतःला जगातला सर्वांत मोठा म्हणवतो. १९६४ सालचा. तिथे न्हावी आहे, दातांचा डॉक्टर आहे, जुन्या ट्रकांचं संग्रहालयही आहे. चहा मात्र कोमट पाण्यात बुडवलेली पुडी. मी काट्याकडे गेलो.

‘कॅट स्केल’ नावाच्या काट्यांचा उगम याच गावातला, १९७७ सालचा. महामार्गावर लादलेल्या ट्रकला ८०,००० पौंडांची मर्यादा. ती ओलांडली की सरकारी नाक्यावर दंड. ट्रकवाले आधी खासगी काट्यावर वजन करून निघायचे, पण तो काटाच खोटा निघाला तर? बिल मून या थांबाचालकाने अचूक वजनाची हमी देणारा काटा काढला: आमच्या काट्यावर वजन बरोबर भरलं आणि तरी दंड झाला, तर चूक आमची असल्यास दंड आम्ही भरू. मी ते दोनदा समजून घेतलं. आपल्याकडे काटा म्हटलं की पहिला विचार काटामारीचा. उसाच्या गाडीमागे उभा राहिलेला शेतकरी वजन कमी का दाखवलं म्हणून भांडतो. इथे रांगेतला प्रत्येक जण आकडा कमी यावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला.

काट्याचे तीन पाट: पुढच्या चाकांचा, मागच्या चाकांचा, ट्रेलरचा. बोलायचं बटण ट्रकवाल्यांच्या उंचीवर, त्यामुळे भाच्याला खिडकीतून निम्मं बाहेर लोंबकळावं लागलं. आतून चिठ्ठी आली: २,९८०, ४,२६०, ५,७४०. पहिले दोन मिळून ७,२४०. पिकअपची स्वतःची मर्यादा ७,०००.

“ट्रेलर ठीक आहे,” सून म्हणाली, “जास्त आपण आहोत.”

पार्किंगमध्ये संसार मांडला. पिकअपच्या हौद्यातलं सरपण पहिलं गेलं. सरपण दूर न्यायचंच नसतं म्हणे. २००२ साली मिशिगनमध्ये सापडलेला ॲश झाडं पोखरणारा कीडा असाच लाकडांतून पसरला. बर्फाची पेटी हौद्यातून काढून ट्रेलरच्या आसावर ठेवली. पुढच्या कप्प्यातला कुकर, तांदूळ, पिठाचे डबे मधोमध आणले. एवढं करूनही आकडा जुळेना.

“मामा, पाणी सोडावं लागेल,” भाचा म्हणाला.

टाकीत चाळीस गॅलन. दीडशे लिटर स्वच्छ पाणी. आमच्या गावात टँकर आला की घागर, हंडा, पातेलं, मिळेल ते घेऊन आम्ही धावायचो. त्या गावच्या माणसासमोर हे बोलणं म्हणजे हद्दच. मी आयुष्यभर गणित शिकवलं आहे, म्हणून गणितानेच भांडलो. टाकी आसाच्या जवळ आहे. पाणी ३३४ पौंडांचं असलं तरी तरफेच्या नियमाने तुझ्या दांडीवरून शंभरच उतरतील. त्यापेक्षा खुर्च्या टाक, ती जाळीची शेगडी टाक.

सुनेने वही तपासली. “मामा, बरोबर आहे. शंभरच. पण आपल्याला नेमके तेच हवेत.”

स्वतःच्या गणिताने हरण्याचा अनुभव मला नवा होता. तोटी उघडल्यावर मी संग्रहालय बघायला निघून गेलो. तिथे काय पाहिलं ते आठवत नाही.

दुसऱ्या वेळी चिठ्ठी स्वस्तात मिळते. पिकअप ६,९८०. भाच्याच्या लेकीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असाव्यात.

नेब्रास्का हा मका आहे. मग डेन्व्हरची हवा, बिग थॉम्पसन नदीची घळ, एस्टेस पार्कचा तळ. तिथल्या नळाला भरपूर पाणी होतं, हे मी भाच्याशी बोललो नाही. ट्रेलर तळावर ठेवून ट्रेल रिज रोडने १२,१८३ फुटांवर गेलो. देखावा भव्य आहे असं सगळे म्हणाले. मला धाप लागली होती.

रात्री शेजारचा गृहस्थ गप्पांना आला. त्याचा ट्रेलर आमच्या दीडपट, पिकअप आमच्याइतकीच. माझी गाडी बारा हजार ओढते, तुमची किती, असं त्याने विचारलं. भाच्याने ओढण्याचा आकडा सांगितलाच नाही. दार उघडून स्टिकर दाखवला आणि दांडीचा हिशेब समजावला. गृहस्थ बॅटरी घेऊन स्वतःच्या दाराशी गेला, बराच वेळ वाकून उभा राहिला आणि ट्रेलरमध्ये शिरला.

थोड्याच वेळात आतून बायकोचा चढा आवाज आला. त्याने वजन विचारलं असणार.