ठाण्यातला कागद मागताना

आपल्या वस्तीतला माणूस पोलीस ठाण्याची पायरी बहुधा दोनच कारणांनी चढतो. एकदा मार खाऊन तक्रार द्यायला, आणि दुसऱ्यांदा घरच्या कोणाला उचलून नेले म्हणून हात जोडायला. कागद मागायला म्हणून तो कधी जात नाही. न्यायाची सुरुवात कोर्टात होते अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात ती ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आधीच होऊन गेलेली असते. त्या रात्री काय लिहिले, कोणाचे नाव लिहिले आणि किती वाजता लिहिले, यावर पुढची दहा-दहा वर्षे खटला चालतो. आणि तोच कागद आपल्याजवळ नसतो.

मी पेशाने कारकून. आवक-जावक नोंदवहीत माझी वीस वर्षे गेली. बी.कॉम.ला असताना जमाखर्चाची दुहेरी नोंद पद्धत शिकलो होतो. कोणताही व्यवहार एकाच जागी लिहून संपत नाही. एका खात्यात जमा झाला की दुसऱ्या कोणत्या तरी खात्यात तो नावे पडतोच. एक वही खोटी लिहिता येते, पण तिची जोडीदार वही दुसऱ्याच्या कपाटात असते. सरकारी दप्तराचेही तसेच आहे. सामाजिक कामात पोलिसांचे आणि तुरुंगाचे कागद मागण्याची वेळ आली, तेव्हा मला वकिलीपेक्षा ही जमाखर्चाची विद्याच जास्त उपयोगी पडली.

एक प्रसंग सांगतो. २०२२ सालचा आहे. नागपूरपासून दोन-अडीच तासांवरच्या एका गावात आपल्या समाजाचा एक दोन एकरवाला शेतकरी. धुऱ्यावरून शेजाऱ्याशी भांडण झाले. मंगळवारी रात्री त्याला घरून उचलून नेले. अटक मात्र कागदावर दाखवली गुरुवारी संध्याकाळी, आणि शुक्रवारी त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले. म्हणजे कागदाप्रमाणे सगळे चोवीस तासांच्या आत, कायद्यात बसणारे. त्याची बायको विहारात आली आणि म्हणाली, "भाऊ, साहेब म्हन्ते का मंगळवारचा काही कागदच नाही. मंग माहा मानूस दोन दिवस होता कुठी?"

प्रश्न अगदी बरोबर होता. माणूस दोन दिवस हवेत राहत नाही. तो जिथे असतो तिथे पाणी पितो, जेवतो, आजारी पडतो, आणि त्याची कुठे ना कुठे नोंद होते. बुधवारी दुपारी त्याला चक्कर आली म्हणून शिपायाने जवळच्या सरकारी दवाखान्यात नेले होते, एवढे त्याने मुलाकातीत वकिलांना सांगितले. तेवढा धागा पुरेसा होता. वकिलांनी त्याच्या सहीचे अधिकारपत्र आणले आणि आम्ही माहितीच्या अधिकारात तीन निरनिराळे अर्ज केले. ठाण्याकडे त्या चार दिवसांच्या स्टेशन डायरीतील त्याच्याबद्दलच्या नोंदी आणि अटकेचा कागद मागितला. दवाखान्याकडे बुधवारचा त्याचा केसपेपर मागितला. कारागृहाकडे त्याला दाखल करून घेताना झालेल्या वैद्यकीय तपासणीची नोंद मागितली.

दवाखान्याने बाराव्या दिवशी प्रत दिली. त्यात बुधवार, दुपारची वेळ आणि 'पोलीस शिपायासोबत' असे शब्द होते. कारागृहाचे उत्तर तिसऱ्या आठवड्यात आले. त्यात पाठीवर दोन-तीन दिवसांपूर्वीचे वण असल्याची नोंद होती. ठाण्याने तिसाव्या दिवशी कळवले की तपास चालू असल्यामुळे माहिती देता येत नाही. आम्ही अपील केले, आणि तिथे डायरीच्या नोंदी देण्याचा आदेश झाला. तीन कागद शेजारी ठेवले तेव्हा त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर कोणालाही वाचता येईल असे समोर होते. त्या माणसाला जामीन आधीच मिळाला होता. पण बेकायदा डांबून ठेवल्याची तक्रार या कागदांमुळेच उभी राहिली. खातेनिहाय चौकशी होऊन एका कर्मचाऱ्याची वेतनवाढ रोखली गेली. शिक्षा लहान आहे, हे मलाही कळते. पण त्यानंतर त्या गावातून कोणाला नेताना आधी घरच्यांना सांगतात आणि वेळ लिहितात.

वेळेच्या नोंदीला मी एवढे महत्त्व का देतो, ते खैरलांजीने आपल्याला शिकवले आहे. त्याआधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात भोतमांगे कुटुंबातील स्त्रियांनी साक्ष दिली होती. त्यातील आरोपींना २९ सप्टेंबर २००६ रोजी अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला, आणि त्याच संध्याकाळी सुरेखाताई, प्रियंका, सुधीर आणि रोशन यांची हत्या झाली. अटक, जामीन आणि हत्या एकाच तारखेला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अॅट्रॉसिटी कायद्याखाली शिक्षा झाली नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सहा जणांची फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. भैयालालजी जानेवारी २०१७ मध्ये आपल्यातून गेले. सुरुवातीच्या दिवसांतला तपास आणि कागद कच्चा राहिला की पुढे कितीही मोर्चे काढले तरी तो पक्का होत नाही, ही त्या खटल्याची कडू शिकवण आहे.

हे आपल्याच देशात घडते असे नाही. अमेरिकेत ग्रामीण परगण्याचा पोलीस प्रमुख आणि तुरुंगाचा प्रमुख बहुधा एकच असतो. त्याला शेरीफ म्हणतात आणि तो निवडून येतो. २१ जून १९६४ रोजी मिसिसिपी राज्यातील नेशोबा परगण्यात काळ्यांच्या मतदानहक्कासाठी काम करणारे तीन तरुण दुपारी पकडले गेले. रात्री दहाच्या सुमारास त्यांना तुरुंगातून सोडले आणि रस्त्यात गाठून ठार मारले. प्रेते चव्वेचाळीस दिवसांनी मातीच्या धरणाखाली सापडली. १९६७ मध्ये ज्यांना शिक्षा झाली त्यांत त्या शेरीफचा हाताखालचा अधिकारीही होता. तिथेही पकडल्याची आणि सोडल्याची वेळ हाच प्रश्नाचा गाभा होता. आज तिथल्या अनेक परगण्यांत तुरुंगात कोण आहे याची यादी कोणालाही पाहता येते. आपल्याकडेही कायद्याने जिल्हा पातळीवर अटक झालेल्यांची नावे लावणे बंधनकारक आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१-क मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३७ मध्ये आहे. ही यादी पाहायला आपल्यापैकी किती जण जातात?

आता कामाचे बोलू. पोलीस आणि कारागृह ही आपल्याकडे गृह विभागाखालची दोन वेगळी खाती आहेत. म्हणून एकच अर्ज दोघांना चालत नाही. ठाण्याचा किंवा पोलीस अधीक्षक कार्यालयाचा अर्ज वेगळा, कारागृह अधीक्षकांकडचा वेगळा. अर्ज 'जोडपत्र अ' या नमुन्यात, जन माहिती अधिकाऱ्याच्या पदनामाने करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा; दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर फी माफ आहे. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द. हा नियम जाचक वाटतो, पण तो आपल्या सोयीने वापरता येतो. 'या प्रकरणाची सर्व माहिती द्या' असे लिहिले की उत्तर टाळायला जागा मिळते. 'अमुक तारखेच्या सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंतच्या स्टेशन डायरीतील अमुक व्यक्तीबाबतच्या नोंदींची प्रत' असे लिहिले की नाही म्हणायला कारण द्यावे लागते. वहीचे नाव घ्या, तारीख घ्या, वेळ घ्या.

उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांची. हे शब्द अर्जाच्या माथ्यावर ठळक लिहावेत. 'तपास चालू आहे' एवढेच उत्तर पुरेसे नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले आहे. नकार आला तर तीस दिवसांत वीस रुपयांच्या स्टॅम्पवर पहिले अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरे. तिथे वाट पाहावी लागते, म्हणून पहिल्या अपिलातच जोर लावावा.

काही कागद तर अर्ज न करताच आपल्या हक्काचे आहेत. फिर्यादीला एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते. अॅट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांतही ते स्पष्ट आहे. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाने संवेदनशील प्रकरणे सोडून इतर एफ.आय.आर. पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकाव्या लागतात. अटक झालेल्याला त्याच्या वैद्यकीय तपासणीची प्रत मिळते. दोषारोपपत्र आल्यावर आरोपीला सगळ्या कागदांची प्रत न्यायालयातून मोफत मिळते.

दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली, दुसऱ्याच्या नावाने माहिती मागणे आता अवघड झाले आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्याने वैयक्तिक माहितीचे कलम अधिक घट्ट केले आहे. म्हणून अर्ज ज्याचा प्रश्न त्याच्याच नावे, किंवा त्याच्या सहीच्या अधिकारपत्रासह करावा. साक्षीदारांची नावे-पत्ते मागू नयेत. आपला अर्ज कोणाच्या जिवावर उठणारा नसावा. दुसरी, उशीर करू नये. दप्तरातले काही कागद कायमचे ठेवतात, काही तीस वर्षे, काही वर्षभरच. कॅमेऱ्यातले चित्रण तर त्याहूनही लवकर पुसले जाण्याची भीती असते. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रण जपून ठेवायला सांगितले आहे. ते जपून ठेवण्याची लेखी मागणी त्याच आठवड्यात पोहोचली पाहिजे, आणि तिची पोच आपल्याजवळ राहिली पाहिजे.

बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले, हे आपल्या लेकरांना पाठ आहे. पण त्यानंतर तळ्याचा दावा दहा वर्षे चालला, हे फार थोड्यांना माहीत असते. तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादी कालापासूनची रूढी सिद्ध होत नाही, हे कागदपत्रांतून व साक्षींतून ठरत ठरत १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. ओंजळभर पाण्याचा हक्क सत्याग्रहाने उघडा केला आणि दप्तराने पक्का केला.

म्हणून माझी प्रत्येक विहाराला एक विनंती आहे. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास या कामाला द्या. शिकलेल्या एका मुलाने आणि एका मुलीने अर्ज लिहायला बसावे. एक आवक-जावक वही घालावी आणि कोणाचा अर्ज कोणत्या तारखेला गेला, तीस दिवस कधी भरतात, हे तीत लिहावे. ठाण्यात अर्ज द्यायला एकट्या बाईला पाठवू नये, दोघे-तिघे सोबत जावे, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवावा. आवाज चढवू नये. पोच घेतल्याशिवाय मात्र उठू नये. स्टॅम्पला दहा रुपये लागतात, प्रतीला पानामागे दोन.

जय भीम!