झाडीपट्टींतील एक घर आणि एक तळें

नागपुराहून पूर्वेस सुमारें ६० किलोमीटर गेलें म्हणजे भंडारा लागतें. कापसाचीं काळीं रानें मागें पडलेलीं असतात. आणि वैनगंगा ओलांडून साकोलीच्या वाटेस लागलें कीं दोहों बाजूंस धानाच्या लहान लहान बांध्या, मोहाचीं झाडें आणि तळीं दिसूं लागतात. ह्या मुलुखास झाडीपट्टी म्हणतात. देशावरील वाचकांस विदर्भ म्हटला कीं कापूस व ऊन एवढेंच आठवतें. म्हणून ह्या झाडींतील एका लहानशा शेतकरी घराचें वर्ष कसें जातें, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

लाखनी तालुक्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें घर आहे. तेथें आम्ही निरनिराळ्या ऋतूंत राहिलों आहों. कवेलूचें घर, पुढें अंगण, मागें सांदवाडी. चार एकर धानाची जमीन, दोन बैल, एक गाय, आणि घरांत तीन पिढ्यांचीं नऊ माणसें. सांदवाडींत वांगीं, मिरच्या, दोडके, वाल. भांडीं घासल्याचें पाणी तिकडेच वळविलेलें असल्यामुळें वेल कवेलूंवर चढतात, आणि भाजीसाठीं बाजाराच्या दिवसाची वाट पाहावी लागत नाहीं.

मृग लागला कीं एका बांधींत धानाचें बीं दाट पेरतात. ह्या रोपांस तेथें पऱ्हे म्हणतात. तीन-चार आठवड्यांत पऱ्हे लावणीजोगे होतात. तोंवर इतर बांध्यांत पाणी धरून चिखल करावयाचा असतो. मग रोवणी. पुरुषांनीं चिखल करावा, जुड्या वाहून आणाव्या. बायकांनीं दिवसभर गुडघाभर चिखलांत ओणवें राहून रोपें रोवावीं. पऱ्हे जून झाले तर त्यांस फुटवे कमी येतात, म्हणून हें काम थोड्या दिवसांत उरकावें लागतें. पूर्वीं आज एकाकडे, उद्यां दुसऱ्याकडे, अशी शेजाऱ्यांची परस्पर मदत चाले. आतां बहुधा मजुरी ठरवून टोळ्या बोलावतात. धुऱ्यावर तूर लावतात. बांधावरची जागा देखील रिकामी राहत नाहीं.

श्रावण निंदण्यांत जातो, पोळ्यास बैलांची पूजा होते. पण खरी परीक्षा पुढेंच असते. जिल्ह्यांत वर्षास सुमारें १३०० मिलिमीटर पाऊस पडतो खरा, परंतु त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच. उशिरा पिकणारें, म्हणजे तिकडच्या भाषेंत भारी, धान आश्विनांत निसवूं लागतें, आणि नेमका तेव्हांच पाऊस पाठ फिरवितो. लोंबी बाहेर पडतांना बांधी कोरडी राहिली तर दाणा पोचट होतो व सगळ्या पावसाळ्याची मेहनत मातीस मिळते. एका वर्षीं हस्त कोरडा गेला असतां आमचा विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, बांधी आमची, पण शेवटचें पाणी तळ्याचें.” झाडीपट्टीच्या शेतीचें सारें मर्म ह्या एका वाक्यांत आहे.

गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानें ह्या भागांत अशीं शेंकडों तळीं बांधिलीं. उतारावर मातीची पाळ घालावी, वरून येणारें पाणी अडवावें, अधिक झालेलें सांडव्यानें खालीं जाऊं द्यावें, आणि अडचणीच्या वेळीं पाळींतील दार उघडून बांध्या भिजवाव्या. दार केव्हां उघडावयाचें, आधीं पाणी कोणास, पाळीवर माती कोणी घालावयाची, हें मात्र सर्वांनीं मिळून पाळावें लागे. तळ्यांत ढीवर मासे धरीत. १९५१ सालीं मालगुजारी संपली आणि तळीं सरकारकडे आलीं. तेव्हांपासून त्यांस माजी मालगुजारी, संक्षेपानें ‘मामा’ तलाव म्हणतात. मालगुजाराचा अंमल सुखाचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांत वेठबिगारीही होती. परंतु जें सरकारचें झालें तें आपलें राहिलें नाहीं, अशी समजूत मागाहून गांवोगांव पसरली. गाळ साचला, बेशरमीचीं झुडपें माजलीं, पाणी धरण्याची ताकद घटली.

दिवाळीच्या सुमारास हलकें धान कापतात, भारी त्यानंतर. भारी धान उभें असतांनाच बांधीच्या ओलीवर लाखोळी किंवा जवस फेकतात. नांगर नको, पाणी नको, त्याच ओलीवर दुसरें पीक येतें. कापलेल्या कडपा वाळल्या कीं पुंजणीं रचतात. मळणी पूर्वीं बैलांच्या पायांखालीं होई, आतां यंत्रानें होते. तणीस गुरांसाठीं राखून ठेवतात. ह्याच दिवसांत गांवोगांव मंडई भरते, आणि रात्रभर दंडार व नाटकें चालतात. लेकी माहेरीं येतात, पाहुण्यांनीं घर भरून जातें.

उन्हाळ्यांत पहांटे मोहफुलें वेंचणें, पुढें तेंदूचीं पानें तोडणें, कवेलू फेरणें, शेणखत टाकणें हीं कामें असतात. तळें आटतें तेंही ह्याच दिवसांत, आणि त्याची दुरुस्ती होऊं शकते तीही ह्याच दिवसांत. २०१७ पासून धरण-तलावांतील गाळ काढून शेतांत नेण्याची सरकारी योजना आहे. हा गाळ हलक्या जमिनीस फार मानवतो. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यांत गेलेल्या अर्जुनी मोरगांवाकडे ढीवर स्त्रीपुरुषांनीं भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळाच्या साह्यानें तळ्यांतील बेशरम उपटून देशी पाणवनस्पति लाविल्या व देशी माशांस पुन्हां थारा दिला. म्हणजे गेलेलें सर्वच गेलें असें नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं वडिलार्जित शेतें अशा गांवीं ठेक्यानें दिलेलीं असतील. वर्षांतून एकदां जाऊन धान किंवा पैसे घेऊन यावे, एवढाच त्यांचा शेताशीं संबंध उरतो. कृषिपराशर ह्या जुन्या संस्कृत ग्रंथांत धन्यानें स्वतः शेतीवर नजर ठेवण्यास मोठें महत्त्व दिलें आहे. झाडीपट्टींत ही नजर बांधीच्या धुऱ्याशीं थांबून भागत नाहीं. ती तळ्याच्या पाळीपर्यंत गेली पाहिजे. पुढच्या खेपेस गांवीं जाल तेव्हां हिशेबाच्या आधीं तळें पाहून यावें, आणि गाळ काढण्याची वर्गणी निघाली असेल तर तींत आपला वांटा घालावा, एवढीच आमची विनंति आहे.