सोबत कोण?

चारचाकी शिकून चार महिने झाले. आता शिरूरहून पंढरपूर, एकटीने. न्हावरे, पारगाव, चौफुला, पाटस, भिगवण, टेंभुर्णी अशी टाचणे वहीत काढली आहेत. बेत ऐकणारा प्रत्येकजण एकच विचारतो : सोबत कोण? १८५७ साली उत्तरेकडे निघालेल्या गोडसे भटजींबरोबरही काका होते (म्हणून काही वाटेतले बंड चुकले नाही!). चौफुल्यापुढे महामार्ग चौपदरी, तिथली चिंता नाही. धास्ती त्याआधीच्या उसाच्या पट्ट्याची. दोन ट्रॉल्या ओढणारा, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर अंधारात दिसतच नाही. म्हणून उजाडल्यावरच निघायचे. दौंड तालुक्यात शिरताना ओलांडलेली भीमा पंढरपुरात चंद्रभागा म्हणून भेटेल. डबा किती जणांचा, आईने विचारले. एकीचा, म्हटले.