पायातलं डायव्हर्जन

जाम तुम्ही पाहिलंय, फक्त नाव लक्षात नसेल. ताडोब्याला जाताना नागपूर सोडल्यावर तास-सव्वा तासाने एक चौक लागतो. हैदराबादचा हायवे पुढे जातो, चंद्रपूरचा फाटा फुटतो आणि आपण चहाला थांबतो. ते जाम, जिल्हा वर्धा.

माझा मामेभाऊ तिथेच बाइकवरून पडला. हेल्मेट होतं, डोकं वाचलं. गुडघा मात्र पार चिरडला. जवळच्या दवाखान्यात हाड बघितलं, पट्टी बांधली, पेनकिलर दिलं. पावलाला हात लावला तो मामीने. ‘‘पाय थंडा पडून राह्यला ना बाप्पा!’’

मग कुठे धावपळ. नागपूरच्या हॉस्पिटलमध्ये मी पोचले तेव्हा अपघाताला तीन तास झाले होते. गुडघ्यामागची मुख्य धमनी फाटली होती. रक्ताशिवाय पायाचे स्नायू साधारण सहा तास तग धरतात. त्यानंतर पाय गमावण्याचा धोका झपाट्याने वाढतो. मामाने एकच विचारलं, ‘‘पाय वाचते ना, साहेब?’’

पेच असा होता. आधी हाड बसवावं, तर तोवर पाय उपाशी. आधी धमनी शिवावी, तर हाड ओढताना टाके तुटायची भीती.

‘‘शंट टाकू,’’ सर्जन म्हणाले. मला आठवलं ते रेल्वेचं शंटिंग! त्यांनी समजावलं, ‘‘रस्ता दुरुस्तीला काढला की ट्रॅफिक बंद करतो का? डायव्हर्जन देतो. तसंच.’’

शंट म्हणजे प्लॅस्टिकची एक बारीक, मऊ नळी. धमनीच्या दोन फाटक्या टोकांत तिची दोन टोकं सरकवून बांधायची. रक्त पुन्हा पावलाकडे धावू लागतं. मग हाडाचे डॉक्टर सळया बसवतात. शेवटी नळी काढून तिथे दुसऱ्या पायातल्या शिरेचा तुकडा शिवायचा, तोही उलटा करून. कारण शिरेतल्या झडपा रक्ताला एकाच दिशेने सोडतात.

आयडिया जुनी आहे. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) तुफिए या फ्रेंच सर्जनच्या, आतून पॅराफिन लावलेल्या चांदीच्या नळ्या जखमी सैनिकांच्या धमन्यांत घालत. आज मानेतली धमनी साफ करताना मेंदूचं रक्त थांबू नये म्हणून शंट वापरतात. धडधडत्या हृदयावर बायपास करतानाही काडीएवढा शंट कामी येतो.

पहाटे भाऊ बाहेर आला. नर्सने त्याच्या पावलावर पेनने फुली मारली होती. नाडी लागते ती जागा. मामा दर दहा मिनिटांनी तिथे बोट ठेवून बघत होता.

म्हणून सांगते, हाता-पायाला जबर मार लागला तर एक्स-रेच्या आधी एक प्रश्न विचारा: ‘‘पुढे नाडी लागतेय का?’’ पाय किंवा हात थंड, पांढरा, बधिर वाटला तर रक्तवाहिन्यांचे सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. शंट कमाल करतो, पण वेळेत पोचलात तरच.

भाऊ आता चालतो, थोडा लंगडत. गेल्या महिन्यात जामच्या चौकात एक मुलगा स्कूटरवरून पडला. गर्दी फोनवर होती. मामाने आधी त्याचा बूट काढला आणि पावलावर बोट ठेवलं.