ऑपरेशननंतर

आतडं जोडलं, पोटावरची शीची पिशवी निघाली, म्हणजे पोरगं बरं झालं, असा आमचा समज. घरी सोडताना सर्जन मॅडम म्हणाल्या, "आता खरं काम तुमचं." मला काहीच उमगेना.

जन्मून दोन दिवस उलटले तरी त्याला काळी शी झाली नव्हती. पोट टम्म फुगलं, हिरवी उलटी झाली. आई म्हणाली, एरंडेलाचं बोट चाटवा. निफाडच्या डॉक्टरांनी मात्र तातडीने नाशिकला पाठवलं. तिथे बायोप्सी झाली आणि हर्शस्प्रंग हे नाव कानावर पडलं. बाळ पोटात असताना आतड्यातल्या नसांच्या पेशी वरून खाली सरकत जातात. त्या टोकापर्यंत पोचल्या नाहीत, तर तेवढा भाग आवळलेलाच राहतो. ठिबकची नळी चोंदली की मागे पाणी तुंबतं, तसं वरचं आतडं फुगतं. साधारण ५,००० बाळांत एकाला हे होतं, त्यात मुलगे जास्त. कोपनहेगनच्या डॉक्टर हर्शस्प्रंग यांनी हा आजार १८८६ मध्ये मांडला. बिघडलेला भाग काढून चांगलं आतडं खाली ओढून जोडायची शस्त्रक्रिया यायला १९४८ साल उजाडलं.

बायकोने गरोदरपणी काय खाल्लं, यावर घरात कुजबुज चालायची. मॅडमनी आईसमोरच सांगितलं, यात तिचा काडीचा दोष नाही. त्या एका वाक्याचे उपकार मी विसरणार नाही.

मग सिस्टरांनी आतडं धुवायला शिकवलं. मऊ नळीला जेली लावायची, कोमट सलाईन सिरिंजने थोडं थोडं सोडायचं, सिरिंज काढली की ते परत बाहेर यायला हवं. येत नसेल तर थांबायचं, आणखी सोडायचं नाही. साधं पाणी अजिबात चालत नाही, अंगातले क्षार बिघडतात. द्राक्षाच्या खुड्याने खरबरीत झालेले माझे हात त्या एवढ्याशा अंगाला लावायची भीती वाटायची.

बहुतेक मुलं चांगली वाढतात. पण काहींना बद्धकोष्ठ राहतो, काहींची चड्डी खराब होत राहते, शीवर ताबा यायला इतरांपेक्षा वर्षं जास्त लागतात. आमचा अंगणवाडीत जातो तो चड्डीचा जादा जोड घेऊनच. सेविकाताईंना सांगून ठेवलंय, त्याला रागावू नका, तो मुद्दाम करत नाही. 'ऑपरेशन यशस्वी झालं का' एवढंच विचारून आईबापांनी थांबू नये. पाचव्या, दहाव्या वर्षी पोर कसं असेल, हेही डॉक्टरांना विचारावं.

सगळ्यात मोठा धोका आतड्याला सूज येण्याचा. तो ऑपरेशननंतरही टळत नाही आणि जिवावर बेतू शकतो. ताप, फुगलेलं पोट, घाण वासाचे पातळ जुलाब, ही त्याची लक्षणं. अशा वेळी मेडिकलमधून जुलाबाचं औषध आणू नका, सकाळची वाट पाहू नका. फाईल उचला आणि पोराला थेट मुलांच्या सर्जनकडे न्या.