यलोस्टोनला जायचंय? आधी मुक्काम ठरवा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या मंडळातल्या घरोघरी तीच चर्चा सुरू होते. भारतातून आई-बाबा आलेले असतात, मुलांना शाळा नसते, मग यंदा जायचे कुठे? नायगारा झाला, वॉशिंग्टन झाले, डिस्ने तर दोनदा झाले. शेवटी कुणीतरी यलोस्टोनचे नाव काढते. गेल्या जूनमध्ये आम्ही चार कुटुंबे मिळून तिथे जाऊन आलो. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात, अगदी पंगतीत वाढतानासुद्धा, मला एकच प्रश्न विचारला जातो: "तुम्ही उतरला होता कुठे?" हातात आमटीचे भांडे घेऊन या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रश्न साधा वाटतो, पण साधा नाही. 1872 साली स्थापन झालेले हे राष्ट्रीय उद्यान सुमारे 8,983 चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून मोठे. आत शिरायला पाच दरवाजे. आतला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, 142 मैलांचा. वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी 45 मैल, आणि तीही कागदावरच. एखादा गवा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला की पुढच्या-मागच्या पन्नास गाड्या गुमान थांबतात. आपल्याकडे रस्त्यात म्हैस बसली तर हॉर्न तरी वाजवतो. इथे तेही करायचे नाही.

तेव्हा "पार्कजवळ हॉटेल घेतले आहे" एवढ्याने काहीच कळत नाही. कुठल्या दरवाज्याजवळ आणि काय पाहायला, हे आधी ठरवावे लागते.

आमच्या बैठकीत अर्थातच चार कुटुंबांची पाच मते पडली. एक पक्ष जॅक्सनचा. गाव देखणे, शेजारी ग्रँड टीटनचे डोंगर. पण जॅक्सनपासून यलोस्टोनचा दक्षिण दरवाजाच 57 मैल, आणि तिथून ओल्ड फेथफुल आणखी चाळीस मैल. दुसरा पक्ष कोडीचा. बफेलो बिलचे गाव, मोठे वस्तुसंग्रहालय, मुलांना काउबॉय पाहायला मिळतील. तिथून पूर्व दरवाजा 50 मैलांहून थोडा जास्त, आणि दरवाज्यातून आत सरोवरापर्यंत अजून 27 मैल. तिसरा पक्ष काटकसरीचा. आयडाहो फॉल्स मोठे शहर, हॉटेले स्वस्त, तिथूनच रोज जाऊ-येऊ. ते वेस्ट यलोस्टोनपासून शंभराहून जास्त मैल आहे. जाऊन-येऊन रोजचे चार तास, चार दिवसांचे सोळा. हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर काटकसरीचा पक्ष आपोआप विसर्जित झाला. चौथा पक्ष पार्कच्या आतच राहायचे म्हणणारा. ओल्ड फेथफुल इन हे 1904 सालचे लाकडी ओंडक्यांचे हॉटेल पाहण्यासारखे आहे यात शंका नाही. पण आतल्या खोल्यांसाठी वर्षभर आधी जागे व्हावे लागते, आणि खोलीत स्वयंपाक करता येत नाही. आमच्यात तीन ज्येष्ठ मंडळी शुद्ध शाकाहारी होती. पाच दिवस बटाट्याच्या काचऱ्या आणि सॅलडवर त्यांना ठेवणे कुणालाच पटेना.

हे सगळे चालले असताना आमच्या घरी वेगळाच पेच उभा राहिला. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, मी घरीच राहते. देवाला दिवा कोण लावणार?" दिव्याचे कारण खरे नाही, हे आम्हाला कळत होते. गुडघे दुखतात म्हणावे, तर त्या रोज आमच्या कॉलनीला दोन फेऱ्या मारत. नवऱ्याने समजावले, नातीने हट्ट केला, पण त्या बधल्या नाहीत. एका संध्याकाळी आम्ही दोघीच मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा त्यांनी खरे कारण सांगितले. "अगं, लांबच्या प्रवासात दोन-दोन तास बाथरूम नसतं. सगळे मजेत असतात, सारखं गाडी थांबवा म्हणायची लाज वाटते. म्हणून निघायच्या दिवशी मी सकाळपासून पाणीच पीत नाही. मग डोकं दुखतं, आणि बघितलेलं काही लक्षात राहत नाही."

हे मी त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. "लिही, बाकीच्या आज्यांचंही तेच असतं, फक्त बोलत नाहीत," असे त्याच म्हणाल्या. त्यांचा हा दुसरा अमेरिका दौरा. वय एकाहत्तर. तिसऱ्यांदा येणे होईल की नाही, हे त्याही बोलत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही. आणि यलोस्टोनची उंची सात-आठ हजार फूट, हवा कोरडी. तिथे दिवसभर पाणी न पिणे म्हणजे आजाराला आमंत्रणच.

सासूबाई मूळच्या सासवडच्या. माउलींची पालखी दिवे घाट चढून त्यांच्या गावी मुक्कामाला येते, ते त्या लहानपणापासून पाहत आल्या. नकाशा समोर ठेवल्यावर त्यांनी विचारले, "मुक्काम कळले. मधले विसावे कुठे आहेत?" हजारो माणसे, त्यांत म्हातारे-कोतारे, इतके दिवस चालतात, ती रात्रीच्या मुक्कामाइतकीच दिवसाच्या विसाव्यांच्या भरवशावर. आमच्या चार पक्षांपैकी एकानेही तोवर विसाव्यांचा विचार मांडला नव्हता.

मग मी नवा तक्ता केला. एका रकान्यात पाहण्याची ठिकाणे, दुसऱ्यात मुक्कामापासूनचे अंतर, तिसऱ्यात विसावे, म्हणजे स्वच्छतागृह, बाक आणि सावली. तक्ता भरल्यावर चित्र बरेच दिलासा देणारे निघाले. आठच्या आकड्यावर मॅडिसन, ओल्ड फेथफुल, वेस्ट थंब, लेक, कॅनियन, नॉरिस, मॅमथ आणि टॉवर ही मोठी ठिकाणे आहेत. त्यांतल्या लगतच्या कुठल्याही दोहोंमध्ये सुमारे एकवीस मैलांहून जास्त अंतर नाही, आणि बहुतेकांत त्याहून बरेच कमी. काही ठिकाणी स्वच्छतागृह म्हणजे पाण्याविना चालणारा साधा संडास असतो. टिश्यू आणि हात धुण्याचे औषध जवळ ठेवावे. हा कागद मी सासूबाईंना मराठीत लिहून दिला. त्यांनी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "दिवा शेजारणीला लावायला सांगू."

तक्त्यावरूनच आमचा निर्णय झाला: एक मुक्काम नको, दोन हवेत. तीन रात्री वेस्ट यलोस्टोन, दोन रात्री गार्डिनर.

वेस्ट यलोस्टोन मोंटाना राज्यात, पश्चिम दरवाज्याला खेटून आहे. 1908 साली इथे पहिली प्रवासी रेल्वे आली आणि तिच्यामुळेच गाव वाढले. आता रेल्वे नाही, पण किराणा, औषधे, पेट्रोल सगळे मिळते. इथून मॅडिसन 14 मैल आणि पुढे ओल्ड फेथफुल 16. म्हणजे गरम पाण्याच्या कारंज्यांचा सगळा भाग तासाभराच्या आत. याचा खरा फायदा असा, की दुपारी परत येता येते. सकाळी लवकर निघायचे, एक वाजता खोलीवर यायचे, गरम वरण-भात, ज्येष्ठांची वामकुक्षी, पाच वाजता पुन्हा बाहेर. मुलांना घेऊन दुपारीच ग्रँड प्रिझमॅटिक पाहावे. सकाळच्या गारव्यात त्याच्यावर इतकी वाफ असते, की रंग दिसतच नाहीत.

तिथल्या रंगांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय माझ्यातल्या केमिस्टला राहवत नाही. कडेचे पिवळे-केशरी पट्टे म्हणजे गरम पाण्यात राहणारे सूक्ष्म जीव. 1966 साली थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी इथल्याच एका कुंडातून असा एक जीवाणू मिळवला. त्याच्यातले एन्झाइम उकळत्या पाण्याच्या जवळपासच्या तापमानातही टिकते. पुढे त्याच्याच आधाराने डीएनएच्या हव्या तितक्या प्रती काढण्याची पद्धत, म्हणजे पीसीआर, प्रयोगशाळांत रुळली. ही पद्धत शोधणाऱ्या कॅरी मुलिस यांना 1993 साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कोविडच्या साथीत आपण सर्वांनी नाकात काडी घालून जी चाचणी करून घेतली, ती हीच. हे ऐकल्यावर मुलांनी त्या केशरी पाण्याकडे जरा आदराने पाहिले.

सासूबाईंना मात्र वज्रेश्वरीची आठवण झाली. गरम कुंड म्हणजे स्नान, ही आपली समजूत. इथे हात लावायलाही बंदी आहे, आणि ती पाळावी. लाकडी वाट सोडल्यास वरचा पातळ थर फुटून खाली उकळते पाणी असू शकते. या कुंडांनी आजवर वीसहून अधिक बळी घेतले आहेत. लहान मुलांचा हात धरूनच चालावे.

स्वयंपाकाचीही एक सूचना. वेस्ट यलोस्टोनची उंची 6,667 फूट, त्यामुळे पाणी साधारण 93 अंशांनाच उकळते. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाणा तसाच राहतो. कुकरमध्येही आत 121 ऐवजी 117-118 अंशांपर्यंतच तापमान चढते. तेव्हा घरी तीन शिट्ट्या करत असाल, तर तिथे दोन जास्त करा, आणि शक्यतो मुगाची डाळ न्या. स्वयंपाकघर असलेली केबिन घ्या. आम्ही कुकर, गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी सोबत नेली होती. उरलेले अन्न केबिनबाहेर किंवा उघड्यावर ठेवू नका, अस्वलांचा मुलूख आहे.

उत्तरेच्या भागासाठी मात्र वेस्ट यलोस्टोन सोयीचे नाही. लामार खोऱ्यात लांडगे आणि गवे पाहायचे तर भल्या पहाटे पोहोचावे लागते, आणि वेस्टहून ते सत्तर मैलांच्या वर, वाटेत साडेआठ हजार फुटांहून उंच घाट. गार्डिनरहून तेच अंतर निम्मे. 1903 साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी जिचा पाया घातला, ती दगडी कमान याच गावात आहे. मॅमथ फक्त पाच मैलांवर, आणि गार्डिनरपासून कुक सिटीपर्यंतचा रस्ता वर्षभर चालू असतो. 1995 साली कॅनडाहून लांडगे आणून इथे पुन्हा सोडले. आम्ही पहाटे साडेचारला निघालो, आणि एका सज्जन गृहस्थाने आपली दुर्बीण सासूबाईंसाठी खाली करून दिली. एक करडा ठिपका पळताना दिसला. तो लांडगाच होता, असे त्या अजून सांगतात.

मॅमथचे पांढरे टप्पे पाहून त्या म्हणाल्या, "ही तर भाताची खाचरं." वर्णन अगदी बरोबर. खालचे गरम पाणी चुनखडक विरघळवून वर येते, सोड्याची बाटली उघडावी तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि चुना थरांवर थर बसतो. इथे पायऱ्या फार आहेत. ज्येष्ठांना वरच्या टप्प्यांचा मोटारीचा एकेरी रस्ता सोयीचा पडतो.

गार्डिनरबाबत एक खबरदारी घ्यावी. जून 2022 मध्ये महापूर आला, गार्डिनर-मॅमथ रस्ता वाहून गेला आणि दहा हजारांवर प्रवाशांना पार्कबाहेर काढावे लागले. जुन्या गार्डिनर रस्त्याची दुरुस्ती करून ऑक्टोबरअखेर वाहतूक सुरू झाली. तेव्हा निघण्यापूर्वी रस्त्यांची स्थिती पाहाच, आणि रद्द करता येईल असेच आरक्षण करा. परदेशातून आलेल्या पाहुण्यांच्या प्रवेशशुल्काचे नियमही त्याच वेळी पाहून घ्या.

ज्यांच्या घरी हृदयाचे किंवा दम्याचे रुग्ण आहेत, त्यांनी उंचीबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. आमच्यातल्या एका आजोबांची बायपास झालेली होती. त्यांनी परवानगी घेऊनच तिकीट काढले, आणि पहिला दिवस नुसता गावात फिरण्यात घालवला. पार्कमध्ये उन्हाळ्यात मॅमथ, लेक आणि ओल्ड फेथफुल इथे दवाखाने असतात, पण मोठे रुग्णालय बाहेरच. औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. आत बहुतेक ठिकाणी मोबाइल लागत नाही, म्हणून दोन गाड्या असतील तर भेटण्याची जागा आणि वेळ सकाळीच ठरवावी.

पाच दिवसांत सासूबाईंनी गाडी कितीदा थांबवली, ते कुणी मोजले नाही. पाण्याची बाटली मात्र दिवसातून तीनदा भरली जात होती, ती मीच भरत होते.

मुक्काम आणि विसाव्यांचा तो तक्ता माझ्याकडे आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला गाठावे, झेरॉक्स प्रती घेऊन येईन. वाढून झाल्यावर भेटा, म्हणजे निवांत बोलता येईल.